वांदिपेचं नाव

माबिरा दिसायला काहीच नव्हता. उंची बेताची, पाय जरा फेंगडे, आणि लहानपणी डोळ्यात काटा गेल्यामुळे उजव्या बुबुळावर पांढरा ठिपका. पण वंशपाठ म्हणायला तो उभा राहिला, पिसांचा टोप सारखा करून त्याने छाती भरून घेतली, की दोनशे माणसांच्या तोंडातली सुपारी जागच्या जागी थांबायची. काय तो आवाज! लाऊडस्पीकर नाही, काही नाही, आणि ओढ्यापलीकडे रताळी धुणाऱ्या बायकांनाही एकेक नाव सुटं सुटं ऐकू जायचं. तसा आवाज त्या डोंगरात पुन्हा झाला नाही.

वंशपाठ म्हणजे होगे घराण्याच्या चौदा पिढ्या. कोण कुणाच्या पोटी आला, कुणी कुठला खंदक खणला, किती डुकरांच्या बदल्यात कुठला ओढा मिळाला, हे सगळं धावत्या चालीत म्हणायचं. श्वास घ्यायच्या जागा ठरलेल्या. बापाने पुरुषांच्या घरात बसवून चार वर्षं त्याच्याकडून तो घोटून घेतला होता. एक नाव चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

आणि त्या दरीत एक रीत होती. चारचौघांत पाठ चालू असताना चूक झाली, तर ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे पाठकापुढे काठी टाकायची. काठी पडली की पाठक थांबे, चूक सुधारे आणि पुढे जाई. कुणी काठी टाकली नाही, तर पाठ खरा; त्यावर मग जन्मात वाद नाही. माबिरापुढे उभ्या आयुष्यात तीनदाच काठी पडली होती, आणि तिन्ही वेळा ती पागुराने टाकली होती.

पागुरा त्याचा शेजारी. मधे फक्त एक खंदक, पुरुषभर खोल, त्यावर ओंडका टाकलेला. सातव्या पिढीत होगे घराण्याची एक मुलगी, वांदिपे, नदीच्या खालच्या अंगाला दिली होती. नवरा लढाईत मेला, तशी दोन मुलं घेऊन ती माहेरी परतली. भावाने तिला खंदकापासून ओढ्यापर्यंतची जमीन तोडून दिली. पाठात हे सगळं होतं, तिच्या नावासकट. पागुरा आणि त्याची सत्तर-ऐंशी माणसं त्या दोन मुलांची. त्यामुळे सात पिढ्या उलटल्या तरी अलीकडचे ते मामा आणि पलीकडचे ते भाचे. पागुरा माबिरापेक्षा वर्षाने मोठा, दात निम्मे पडलेले, तरी हाक मारायचा ती ‘मामा’ अशीच.

“काय भाच्या, अजून जिवंत?” सकाळी माबिरा ओंडक्यावरून ओरडायचा.

“मामाने काही दिल्याशिवाय भाचा मरतो होय?” पलीकडून उत्तर यायचं, आणि पाठोपाठ एखादा उसाचा तुकडा.

माबिराच्या घरात मुलगी होती, केलामे. तिचाही नवरा हागेन शहराच्या रस्त्यावर ट्रक उलटून गेला होता. दोन लेकरं घेऊन ती बापाकडे आली. माबिराच्या वाट्याची जमीन ओढ्याने खाल्लेली, म्हणून थोरल्या भावाने मरताना आपला एक तुकडा तिला कसायला दिला. त्यात वेगळं कुणाला काही वाटलं नाही. वांदिपेचंही तसंच झालं होतं.

मग यारोच्या कड्यावर हेलिकॉप्टरं फिरायला लागली.

आधी एकेक पत्रा, मग एकेक पाइप, असं करत कड्यावर लोखंडी मनोरा उभा राहिला. आठ महिने तो जमिनीत घरघरत होता. एके दिवशी भर दुपारी तिथून ज्योत उठली, झाडांच्या वर, पिवळी, आणि तीन दिवस तशीच जळत राहिली. कंपनीच्या माणसाने बाजारात येऊन सांगितलं, गॅस सापडलाय, तेलही असेल, पण किती आहे आणि कुठवर पसरलाय ते अजून माहीत नाही.

“माहीत नाही” हे शब्द त्याने उच्चारले मात्र, सगळ्यांना माहीत झालं. दरीतला प्रत्येक माणूस भूगर्भाचा जाणकार झाला.

“माझ्या रताळ्यांच्या वाफ्याखालीच आहे. पाय ठेवला की तळवा भाजतो.”

“तळव्याला खरूज झालीय तुझ्या. बायकोला विचार.”

“हसा. डबक्यातले बेडूक मेले माझ्या. उगाच मरतात का बेडूक?”

“तू तिथे आंघोळ केलीस ना परवा?”

बाजारातल्या चिखलात काडीने नकाशे निघत आणि वरून डुकरं चालत जात. सुपारी विकणारी म्हातारी सांगे, गॅस नदीसारखा वाहतो, उताराकडे, म्हणजे आमच्याकडे. वरच्या वाडीवाले म्हणत, गॅस धुरासारखा वर चढतो. दहा वर्षं ज्यांनी तोंड दाखवलं नव्हतं ते बंदरांवरून, राजधानी मोरेस्बीहून, मळ्यांवरून परतले. वाटेच्या दोन्ही बाजूंना नवी घरं उठली, गवत अजून हिरवं, आत चूल नाही, माणूस नाही. ‘आम्ही इथे राहतो’ हे दाखवायला फक्त. दारापुढे केळी लावलेल्या. एकाने तर आजोबाची हाडं उकरली आणि कंपनीचा रस्ता जिथून जाईल असं त्याला वाटत होतं तिथे नेऊन पुरली, म्हणजे भरपाईत थडगंही धरलं जावं. पुढे रस्ता दुसरीकडूनच आखला गेला. आजोबा तिथेच राहिले.

या परतलेल्यांत हेंगेबे होता. माबिराच्या त्या थोरल्या भावाचा मुलगा. मोरेस्बीत बारा वर्षं काढलेला, काळा चष्मा, चिखलातही बूट, आणि खिशात स्वतःच छापून घेतलेलं कार्ड: अध्यक्ष, होगे जमीनमालक संघ. अध्यक्ष कुणी निवडला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. तो इंग्रजी बोलत होता, तेवढं पुरलं.

तो काकाकडे आला तो डब्यातले मासे आणि तांदळाचं पोतं घेऊनच.

“काका, जमीन खात्याची माणसं येणार आहेत. घराण्यांची नोंद करायला. जो पाठ नोंदला जाईल तोच कायम. त्यातली नावं तीच जमीनमालक, बाकीचे नुसते राहणारे.”

“मग म्हणतो की पाठ. त्यात काय.”

“म्हणाच. फक्त ती बाई गाळा.”

“कुठली बाई?”

“सातव्या पिढीतली. तिच्यामुळे ऐंशी तोंडं वाढतात. सरकारचा कागद पुरुषांकडून पुरुषांकडे जातो. बाईकडून आलेले पाहुणे.”

माबिरा हसला. “सात पिढ्यांचे पाहुणे? अरे, त्यांच्या आजोबाने तुझ्या आजोबासाठी बाण खाल्ला.”

“बाणाला रकाना नाही कागदात.” हेंगेबेने चष्मा काढून पुसला. “आणि एक विचारू का? केलामे राहते ती जमीन कुणाची? माझ्या बापाची. मी कधी काही बोललोय?”

एवढं बोलून तो गेला. माबिराने ते पोतं दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी नातवंडांनी उघडलं.

आता काय करावं? नाव घेतलं तर मुलगी उघड्यावर. नाही घेतलं तर खंदकापलीकडची ऐंशी माणसं उघड्यावर. माबिराने आठवडाभर दोन्हीकडून विचार करून पाहिला. आणि मग त्याला तो मार्ग सुचला. तो इतका सोपा वाटला की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. नाव गाळायचं. पागुरा काठी टाकणार, टाकणारच; त्याच्यासारखे कान दरीत नाहीत. मग थांबायचं, मान डोलवायची, वांदिपेचं नाव घ्यायचं आणि पुढे जायचं. हेंगेबेला म्हणायचं, मी गाळलं होतं रे बाबा, काठी पडली, रीत आहे, माझा काय इलाज?

पागुराला त्याने हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते नाटक झालं असतं आणि काठी खोटी. आदल्या दिवशी ओंडक्यावर उभं राहून तो एवढंच म्हणाला, “भाच्या, उद्या काठी घेऊन ये.”

“तुझ्यापुढे काठी टाकायचे दिवस गेले, मामा. तू आता चुकत नाहीस.”

“तरी आण.”

“आणतो. म्हातारा झालोय, चालायलाही लागतेच.”

नोंदणीच्या दिवशी मैदानात मुंगीला पाऊल ठेवायला जागा नव्हती. किनाऱ्याकडची एक तरुण अधिकारी मुलगी आली होती, बरोबर तिपाईवरचा कॅमेरा आणि चार पोलीस. दगडांवर सकाळपासून डुकरं भाजत होती, वास सगळीकडे पसरला होता. मुलीने नम्रपणे सांगितलं आणि हेंगेबेने मोठ्याने भाषांतर केलं: कॅमेरा चालू असताना कुणी मधे बोलायचं नाही, हरकत असेल तर शेवटी विचारलं जाईल.

माबिराने ते ऐकलं. पण रीत ती रीत. पागुरा पहिल्या रांगेत बसला होता, मांडीवर काठी आडवी.

माबिरा उभा राहिला आणि सुरू झाला. त्या दिवसाइतका तो कधीच चांगला म्हणाला नव्हता, असं ऐकणारे पुढे सांगत. पहिली पिढी, दुसरी, होगेने डोंगर कसा तोडला, तिसरी, चौथी. आवाज चढत होता, पाय ठेका धरत होते. सहावी पिढी संपली. ठरलेला श्वास घेतला. आणि सातव्या पिढीत तो भावाच्या नावावरून सरळ भावाच्या मुलावर गेला.

चालीत एक ठोका कमी पडला. ज्यांनी पाठ शंभरदा ऐकला होता त्यांच्या माना किंचित वर झाल्या. माबिराचा चांगला डोळा पागुरावर होता. पागुराची बोटं काठीवर घट्ट झाली. माबिरा आठव्या पिढीत गेला, मुद्दाम जरा हळू. नववी. त्याने न ठरलेला श्वास घेतला, जागा दिली. दहावी. पागुरा त्याच्याकडे एकटक बघत होता, तोंड किंचित उघडं, कीर्तनात बसलेल्या माणसासारखं. अकरावी, बारावी. चौदाव्या पिढीला माबिराचा आवाज पहिल्यांदा फाटला, आणि पाठ संपला.

“हरकत?” मुलीने विचारलं.

कुणी हललं नाही. वाऱ्याने कागद फडफडले. मुलीने कॅमेरा बंद केला.

माबिराने तोंड उघडलं होतं. एक पाऊल पुढेही टाकलं होतं. तेवढ्यात हेंगेबेने त्याच्या खांद्यावर हात टाकला, “काका, वा!”, आणि त्याला डुकराकडे नेलं. सगळ्यांत आधी, सगळ्यांत चांगला तुकडा, पाठीकडचा. पोरं टाळ्या वाजवत होती. पागुरा अजून जागेवरच बसला होता, काहीतरी व्हायचं राहिलंय अशा चेहऱ्याने. माबिराने त्याच्याकडे पाठ केली आणि तो जेवला. तासाभराने त्या मुलीला घेऊन हेलिकॉप्टर उडालं.

त्या दिवशीच पागुरा ओंडक्यावर आला. अलीकडे उतरला नाही.

“तिचं नाव कधी घेणार आहेस?”

“तू काठी का नाही टाकलीस?” माबिरा ओरडलाच. “मी थांबलो होतो! नवव्या पिढीला थांबलो होतो! मुडद्या, हातात होती ना काठी?”

पागुरा गोंधळला. “मला वाटलं, तू शेवटी घेणार. त्या पोरीने काही सांगितलं असेल, बायांची नावं शेवटी म्हणून. तू इतका ठाम म्हणत होतास...” तो थांबला. “तुझ्या तोंडून ते नाव सुटेल हे मला खरंच वाटलं नाही, मामा. आणि शेवटी हरकत विचारली तेव्हा म्हटलं, माझा मामा उभा आहे, माझी कसली हरकत?” मग त्याच्या लक्षात आलं. “म्हणजे ते सुटलं नव्हतं. तू सोडलंस.”

 पागुराने ओंडक्यावरून माघारी जाताना एकदा पाय चाचपला आणि काठीचा आधार घेतला.

तीन आठवड्यांनी यादी आली. हेंगेबेने ती बाजारात खांबावर डकवली. खंदकापलीकडचं एकही नाव नव्हतं. केलामेला वाचता येत होतं. तिने दोनदा बोट फिरवलं आणि हेंगेबेसमोर जाऊन उभी राहिली.

“माझी पोरं नाहीत यात.”

“कशी असतील, ताई? नियम एकच. बाईकडून आलेले पाहुणे. पलीकडच्यांना एक आणि तुला एक असं करता येतं का? राहा ना तुम्ही, राहायला कोण नाही म्हणतंय.” मग हळूच, “जोवर कंपनी जागा मागत नाही तोवर.”

घरी येऊन तिने बापाला सांगितलं. माबिरा चुलीतली लाकडं हलवत राहिला. “तुझ्यासाठीच केलं ग,” तो म्हणाला.

“मला विचारलं होतंत, बाबा?”

पुढचं फार झरझर झालं. पलीकडच्या केळी कुणीतरी कापल्या. अलीकडचं एक रिकामं घर जळालं, ते हिरवं गवत असलेलं. अलीकडच्या पोरांनी खंदक बुजवायला घेतला, म्हणजे हद्दच दिसू नये. पागुराचा धाकटा मुलगा यालुमा त्यांच्याकडून फावडं हिसकावायला गेला आणि कुणाच्या तरी बंदुकीची गोळी त्याच्या पोटात बसली. बंदुका सगळ्यांकडेच आल्या होत्या, कुठून ते विचारू नये. यालुमाला दवाखान्याकडे नेताना पुलाच्या अलीकडेच तो गेला. दोन दिवस पलीकडच्या बायका अंगाला माती फासून रडत होत्या. माबिरा रडायला गेला नाही. जायला ओंडका उरला नव्हता, आणि असता तरी.

चौथ्या दिवशी ऐंशी माणसं निघाली. डुकरं दोरीला, म्हाताऱ्या पाठीवर, भांडी जाळीच्या झोळ्यांत. नदीच्या खालच्या अंगाला, जिथून वांदिपे आली होती तिथे, कुणीतरी दूरचे नातलग होते. माबिराने दावणीतलं आपलं सगळ्यांत मोठं डुक्कर सोडलं आणि वाटेवर पागुरापुढे धरलं. पागुराने त्याच्या बाजूने वाट काढली, जसं वाटेत पडलेल्या झाडाच्या बाजूने काढतात.

रांगेच्या शेवटी केलामे होती, दोन्ही मुलं हाताशी.

“तू कुठे निघालीस?” माबिराने तिचा दंड धरला.

“त्यांना आज जा म्हटलं, मला उद्या म्हणतील. तिथे निदान कुणी विचारणार नाही की पोरं आईकडून आली की बापाकडून.” तिने दंड सोडवून घेतला. “चुलीत रताळी पुरलीत. करपायच्या आत काढा.”

दोन महिन्यांनी कंपनीने विहिरीला झाकण ठोकलं. गॅस आहे, पण सध्या पुरेसा नाही, पुढे पाहू. मनोरा आला तसाच पाइपापाइपाने उडून गेला. बाजारातलं बोलणं मात्र थांबलं नाही. झाकण ठोकलं म्हणजे काहीतरी मोठं असलं पाहिजे, नाहीतर झाकतील कशाला? हेंगेबे मोरेस्बीला परतला आणि तिथल्या एका हॉटेलच्या बाहेरच्या खोलीत ‘बैठकांसाठी’ बसू लागला.

वर्ष उलटलं. पागुराच्या लोकांनी जिल्ह्याच्या गावी जमीन-न्यायालयात अर्ज दिला, आणि माबिराला बोलावणं आलं. हेंगेबेचा निरोपही आला: काका, तोच पाठ म्हणा. माबिराने निरोप आणणाऱ्याला जेवू घातलं. दोन दिवस चालून तो तिथे पोचला. एका बाजूला हेंगेबे बसला होता, दुसऱ्या बाजूला पागुरा, त्याच्यामागे केलामे. तिची मुलगी वाढली होती, माबिराने तिला आधी ओळखलंच नाही.

तो उभा राहिला आणि सातव्या पिढीत त्याने वांदिपेचं नाव घेतलं. नुसतं घेतलं नाही. तिचं लग्न, तिचं परतणं, खंदकापासून ओढ्यापर्यंत, दोन्ही मुलांची नावं, त्यांची मुलं, थेट यालुमापर्यंत. यालुमा पाठात नव्हता. तो माबिराने त्या दिवशी घातला. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता, दोन ठिकाणी अडखळलाही. पण खोलीत दुसरा आवाज नव्हता.

न्यायाधीश वयस्कर होते, सभ्य होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग लॅपटॉप फिरवला आणि मैदानातलं रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर माबिरा छाती भरून उभा होता.

“हे तुम्हीच ना?”

“मीच.”

“आणि तेव्हा कुणी काठी टाकली नाही. तुमच्यात तसं झालं की पाठ खरा, हे बरोबर?”

“बरोबर.”

“मग आजचा?”

“आजचा खरा. तेव्हा मी खोटं म्हणालो.”

“का?”

माबिराने हेंगेबेकडे पाहिलं, मग केलामेकडे. “मुलीसाठी,” तो म्हणाला.

“आणि आज कुणासाठी?” न्यायाधीशांनी हे रागाने विचारलं नाही. उत्तरासाठी ते खरंच थांबले. मग त्यांनी लिहून घेतलं. एकाच माणसाने नोंदीसाठी एक आणि शपथेवर दुसराच पाठ सांगितला, तेव्हा त्याचा कुठलाच धरता येत नाही. दुसरा पुरावा अर्जदारांकडे नाही. नोंद आहे तशी राहील.

बाहेर पायऱ्यांवर पागुरा त्याच्याजवळ येऊन थांबला. काठीवर त्याने दोन्ही हात ठेवले.

“यालुमाला कशाला घातलास?” त्याने विचारलं. “त्याला मूलबाळ नव्हतं. पाठात अशांना घेत नाहीत.”

“घेतलं,” माबिरा म्हणाला.

पागुराने मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही, आणि तो ट्रककडे गेला. केलामेने झोळीतून पानात बांधलेली रताळी काढून बापाच्या हातात दिली.

“घरी चल,” माबिरा म्हणाला.

“कुणाच्या जमिनीवर, बाबा?” तिने त्याच्या टोपाची सुटलेली दोरी बांधली. “निघा आता. पूल ओलांडेपर्यंत अंधार पडेल.”

पुढच्या कोरड्या दिवसांत शेजारच्या दरीतून चार माणसं आली. त्यांच्याकडे हद्दीचा तंटा होता आणि त्यांना जुनी नावं माहीत असलेला साक्षीदार हवा होता. बाजारात त्यांनी माबिराची चौकशी केली.

“त्याला नेऊन काय करणार?” सुपारीवाल्या म्हातारीने सांगितलं. “त्याचे दोन पाठ आहेत.”

त्यांनी सुपारी घेतली, चुन्याचे पैसे दिले आणि ते वरच्या वाडीच्या वाटेला लागले.